'सबस्टॅन्शिएट' : या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ, मूळ आणि नेमका वापर

विमा कंपनीचे पत्र, विद्यापीठातील समितीचा अभिप्राय, परदेशी ग्राहकाचा ईमेल किंवा इंग्रजी दैनिकातील बातमी वाचताना 'सबस्टॅन्शिएट' हे क्रियापद कोठे ना कोठे भेटतेच. शब्दकोशात 'सिद्ध करणे' असा अर्थ सापडतो आणि वाचक पुढे जातो. हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. 'तुमचा दावा सबस्टॅन्शिएट करा' अशी मागणी करणाऱ्या पत्राला पुष्कळ जण त्याच दाव्याची अधिक कळकळीने केलेली पुनरुक्ती उत्तर म्हणून पाठवतात. पत्र लिहिणाऱ्याला मात्र आणखी मजकूर नको असतो, त्याला दाव्याखाली काय आहे ते पाहायचे असते. हा 'खाली'चा अर्थ त्या शब्दाच्या घडणीतच असल्यामुळे सुरुवात व्युत्पत्तीपासून करणे सोयीचे ठरेल.

शब्द कोठून आला

उच्चार सब-स्टॅन्-शि-एट असा असून जोर दुसऱ्या अवयवावर, म्हणजे 'स्टॅन्'वर येतो. लॅटिनमध्ये 'सुब' म्हणजे खाली आणि 'स्तारे' म्हणजे उभे राहणे. या दोहोंपासून 'सुब्स्तान्तिया' हे नाम तयार झाले. जे खाली उभे असते, ज्याच्यावर बाकीचे टेकलेले असते, ते 'सुब्स्तान्तिया', आणि त्यावरून पदार्थाचे सत्त्व, वस्तूचे असणे, माणसाची मालमत्ता असे त्याचे अर्थ झाले. लॅटिन 'स्तारे' आणि संस्कृत 'स्था' हे धातू एकाच इंडो-युरोपीय मुळाचे असल्यामुळे आपले स्थान, स्थिती, संस्था आणि प्रस्थापित हे शब्द या इंग्रजी क्रियापदाचे दूरचे नातलग ठरतात. व्युत्पत्तीच्या नावाखाली जुळवलेल्या कल्पित नात्यांपैकी हे नाते नव्हे, तुलनात्मक भाषाशास्त्राने ते निःसंशय मान्य केलेले आहे.

ग्रीक भाषेत अगदी याच घडणीचा 'हुपोस्तासिस' हा शब्द होता. 'हुपो' म्हणजे खाली आणि 'स्तासिस' म्हणजे उभे असणे. या शब्दाचा एक प्रसिद्ध प्रवास आपल्या विषयाच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. बायबलच्या नव्या करारातील इब्री लोकांस पत्रात, अकराव्या अध्यायाच्या पहिल्या ओळीत, विश्वासाची व्याख्या करताना हा शब्द आला आहे. लॅटिन बायबलने त्यासाठी 'सुब्स्तान्तिया' वापरला आणि १६११ च्या इंग्रजी भाषांतराने 'सबस्टन्स'. त्या इंग्रजी ओळीनुसार, विश्वास हा आशा धरलेल्या गोष्टींचा 'सबस्टन्स' आणि न दिसणाऱ्या गोष्टींचा 'एव्हिडन्स' आहे. मराठी बायबलमध्ये या जागी 'भरवसा' आणि 'खातरी' हे शब्द आहेत. सत्त्व आणि पुरावा यांची अशी एका ओळीत सांगड घातली जाणे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण आपल्या क्रियापदाचे पुढचे सारे आयुष्य या दोन कल्पनांमधील अंतर कापण्यात गेले.

'सबस्टन्स' हा शब्द फ्रेंचमार्गे इसवी सन १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला. 'सबस्टॅन्शिएट' हे क्रियापद मात्र उत्तरकालीन लॅटिनवरून बरेच नंतर, सतराव्या शतकाच्या मध्यास घेतले गेले. त्या वेळी त्याचा अर्थ सिद्ध करणे असा नव्हता. एखाद्या अमूर्त गोष्टीला सत्त्व देणे, तिला प्रत्यक्षात आणणे, असा तो होता. पुराव्याने आधार देणे हा आजचा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रुळू लागला. जुना अर्थ आजही पूर्णपणे पुसला गेलेला नाही. एखाद्या कल्पनेला मूर्त रूप देण्याविषयी लिहिताना तत्त्वज्ञानात किंवा साहित्यसमीक्षेत हे क्रियापद आढळले, तर तेथे पुरावा शोधत बसू नये.

शेजारच्या क्रियापदांपासून वेगळे कसे ओळखावे

इंग्रजीत या अर्थाच्या आसपास पाच-सहा क्रियापदे आहेत आणि मराठीत सगळ्यांना सरसकट 'सिद्ध करणे' म्हटले की त्यांच्यातील भेद नाहीसा होतो. 'प्रूव्ह' हे त्यांतले सर्वांत व्यापक क्रियापद. त्याच्या मुळाशी पारखणे ही कल्पना असली, तरी आजच्या वापरात ते अंतिम निकाल सांगते: गोष्ट सिद्ध झाली, शंका संपली. 'व्हेरिफाय' मध्ये सत्यासाठीचा लॅटिन शब्द आहे आणि ही क्रिया बहुधा तपासणारा करतो. अर्ज करणारा कागद देतो, कार्यालय तो पडताळून पाहते. 'कोरोबोरेट' मध्ये 'रोबुर' हा लॅटिन शब्द आहे, ज्याचा अर्थ ओक वृक्षाचे कठीण लाकूड आणि त्यावरून बळकटी असा होतो. या क्रियापदाला दुसरा, स्वतंत्र स्रोत लागतो. एका साक्षीदाराने सांगितलेली हकीकत दुसऱ्याच्या साक्षीने बळकट होते, तेव्हा ते 'कोरोबोरेट' होय, आणि त्यासाठी आपल्याकडे 'दुजोरा देणे' हा अत्यंत चपखल वाक्प्रचार तयार आहे.

'सबस्टॅन्शिएट' मध्ये तीन गोष्टी गृहीत असतात. दावा आधीच केलेला असतो. त्या दाव्याला त्याच्या बाहेरून काहीतरी आधार आणला जातो. आणि तो आणण्याची जबाबदारी सर्वसाधारणपणे दावा करणाऱ्यावर असते. माझ्या मते यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि 'सिद्ध करणे' या भाषांतरातून नेमकी तीच निसटते. आपल्या न्यायव्यवस्थेला हे तत्त्व नवे नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १०१ नुसार, काही तथ्ये अस्तित्वात आहेत असे सांगून जो कोणी न्यायालयाकडून निवाडा मागतो, ती तथ्ये शाबीत करण्याचा भार त्याच्यावरच असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही हा भार तेथेच ठेवला आहे.

व्याकरणाच्या दृष्टीने हे सकर्मक क्रियापद आहे आणि त्याचे कर्म निवडताना काळजी घ्यावी लागते. दावा, आरोप, तक्रार, सिद्धांत, युक्तिवाद, खर्च ही त्याची नेहमीची कर्मे. माणूस हे त्याचे कर्म होऊ शकत नाही. 'साक्षीदाराला सबस्टॅन्शिएट केले' अशी रचना इंग्रजीत चुकीची आहे. तसेच 'प्रूव्ह दॅट' म्हणून पुढे पूर्ण वाक्य जोडता येते, तशी 'सबस्टॅन्शिएट दॅट' ही रचना सहसा कोणी करत नाही. मराठीतील 'असे सिद्ध केले की' ही रचना डोक्यात ठेवून लिहिताना ही चूक हमखास होते, म्हणून आधी 'क्लेम' किंवा 'चार्ज' असे नाम ठेवावे आणि मग क्रियापद जोडावे. पुरावा दाखवायचा असेल तर पुढे 'विथ' येते. कर्मणी प्रयोग फार चालतो. नाम 'सबस्टॅन्शिएशन' असे होते. 'सबस्टॅन्शियल' आणि 'सबस्टॅन्टिव्ह' ही विशेषणे एकाच घरातील असली, तरी पहिल्याचा अर्थ मोठे, भरीव असा आणि दुसऱ्याचा कायद्यात मूळ हक्कांशी संबंधित, म्हणजे केवळ कार्यपद्धतीचे नसलेले, असा होतो. त्यांची अदलाबदल करू नये.

मागणी झाल्यावर काय करावे

समजा, एका गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक सदस्य म्हणतो की, इमारतीच्या रंगकामाचे काम सर्वांत कमी दराचे कोटेशन डावलून दुसऱ्याच कंत्राटदाराला दिले गेले. हा दावा आहे. अध्यक्ष म्हणतात, लेखी द्या आणि आधार जोडा. येथून पुढे काय जोडायचे, हा प्रश्न 'सबस्टॅन्शिएट' या क्रियापदाचा प्रश्न आहे. सदस्य जर 'सगळ्यांना माहीत आहे' किंवा 'मी वीस वर्षे येथे राहतो' असे लिहील, तर दाव्याखाली काहीच उभे राहणार नाही. पहिले काम दाव्याचे तुकडे करण्याचे आहे, कारण वरच्या एका वाक्यात निदान तीन वेगळे दावे आहेत: एकाहून अधिक कोटेशने आली होती, त्यांपैकी एक नक्की सर्वांत कमी दराचे होते, आणि काम त्या कंत्राटदाराला मिळाले नाही.

प्रत्येक तुकड्याचा आधार वेगळ्या कागदात असतो. कोटेशने आली होती हे कार्यकारी समितीच्या सभेच्या इतिवृत्तात सापडेल. दर कोटेशनच्या प्रतींवर असतील, पण तेथे एक बारकावा पाहावा लागतो. दोन कोटेशनांत रंगाचे हात, प्लॅस्टरची दुरुस्ती आणि परांचीचा खर्च सारखाच धरलेला आहे का, याची खात्री केल्याशिवाय 'सर्वांत कमी' हा शब्द टिकत नाही. काम कोणाला मिळाले हे कार्यादेश, व्हाउचर आणि बँकेचे स्टेटमेंट सांगेल. हे सर्व जोडल्यावरही 'डावलले' या शब्दात दडलेला हेतूचा आरोप उरतोच आणि त्याला यांतील एकही कागद पुरेसा नाही. म्हणून जेवढ्याला आधार आहे तेवढेच लिहावे: कमी दराचे कोटेशन आले असता काम अधिक दराने दिले गेले आणि त्याचे कारण इतिवृत्तात नोंदवलेले नाही. दावा आक्रसून पुराव्याच्या मापाचा करणे ही माघार नव्हे. सबस्टॅन्शिएट करण्याचा तोच अर्धा भाग आहे, आणि माझ्या अनुभवात तोच बहुतेकांना जड जातो.

कोणता कागद किती वजनाचा, याचा विचार करताना अमेरिकेच्या करविषयक इतिहासातील एक प्रकरण मार्गदर्शक ठरते. जॉर्ज एम. कोहॅन हे ब्रॉडवेवरील नामांकित नट, नाटककार आणि निर्माते होते. प्रवास आणि पाहुणचार यांवर त्यांनी मोठा खर्च दाखवला, पण हिशेब ठेवलेला नव्हता. कर मंडळाने खर्चाची वजावट पूर्ण नाकारली. १९३० साली अपील न्यायालयात न्यायाधीश लर्नेड हँड यांनी असा निर्णय दिला की, काही खर्च झाला हे उघड असताना शून्य मान्य करणे योग्य नाही, मंडळाने शक्य तितका जवळचा अंदाज करावा, मात्र अनिश्चितता करदात्याने स्वतःच ओढवून घेतलेली असल्यामुळे तो अंदाज त्याच्या विरुद्ध झुकलेला असावा. पुढे कित्येक वर्षे या निर्णयाचा आधार घेऊन अंदाजे खर्च दाखवले गेले. अखेरीस १९६२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने प्रवास, पाहुणचार आणि भेटवस्तू यांच्या बाबतीत ही वाट बंद केली आणि अशा खर्चाचे 'सबस्टॅन्शिएशन' कशाने होईल हे कायद्यातच सांगितले: रक्कम, वेळ आणि ठिकाण, व्यवसायाशी संबंधित कारण, आणि ज्याच्यावर खर्च केला त्याच्याशी असलेले व्यावसायिक नाते. अमेरिकेत नोकरी किंवा व्यवसाय करणाऱ्या मराठी वाचकांच्या हाती येणाऱ्या खर्चाच्या फॉर्ममधील रकाने साधारण याच धर्तीचे असतात. खर्च करतानाच पावतीच्या मागे 'कोणाबरोबर, कशासाठी' एवढे लिहून ठेवले तर वर्षअखेरीस स्मरणशक्तीवर भार पडत नाही, आणि त्याच दिवशी केलेली नोंद नंतर आठवून केलेल्या नोंदीपेक्षा अधिक विश्वसनीय मानली जाते.

जाहिरातीच्या क्षेत्रात या शब्दाला आणखी एक धार आली, ती म्हणजे वेळेची. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे उन्हाने भाजलेल्या त्वचेवरील फायझरच्या एका औषधाच्या जाहिरातीचे प्रकरण आले होते. १९७२ च्या त्या निर्णयात आयोगाने तक्रार शेवटी फेटाळली, पण एक तत्त्व घालून दिले: जाहिरात प्रसिद्ध करण्यापूर्वीच जाहिरातदाराजवळ दाव्याला वाजवी आधार असला पाहिजे. दावा योगायोगाने खरा निघाला, एवढे पुरेसे नाही. जो आधार हाती नसताना बोलला, तो खरे बोलला तरी ग्राहकाशी न्याय्य वागला नाही, असा याचा आशय आहे, आणि मला हा विचार फार मोलाचा वाटतो. कोणत्या दाव्याला किती आधार लागेल, हे दाव्याचे स्वरूप, वस्तूचे स्वरूप, दावा खोटा निघाल्यास होणारे परिणाम आणि आधार मिळवण्याचा खर्च अशा गोष्टी पाहून ठरवावे, असेही आयोगाने सांगितले. वेदनेवरच्या औषधाला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला एकच माप लावायचे नसते.

भारतात मुंबईस्थित ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ही १९८५ साली स्थापन झालेली स्वनियामक संस्था आपल्या संहितेत हीच अपेक्षा ठेवते. वस्तुनिष्ठपणे पडताळता येण्याजोग्या तथ्यांविषयीचे वर्णन, दावा किंवा तुलना सबस्टॅन्शिएट करता येण्याजोगी असली पाहिजे आणि संस्थेने मागणी केल्यास तो आधार सादर केला पाहिजे. दावा स्वतंत्र संशोधनावर आधारलेला आहे असे म्हटले असेल, तर त्याचा स्रोत आणि तारीख जाहिरातीतच द्यावी लागते. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अशा जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच प्रकार घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. घरगुती मसाले, तेल किंवा साबण विकणाऱ्या छोट्या उद्योजिकांनीही पाकिटावर 'शंभर टक्के नैसर्गिक' असे छापण्यापूर्वी हा शब्द आठवावा. त्यांच्याकडे कच्च्या मालाची बिले आणि प्रयोगशाळेचा अहवाल असेल, तरच ते तीन शब्द छापावेत.

'अनसबस्टॅन्शिएटेड' म्हणजे खोटे नव्हे

या क्रियापदाच्या नकारात्मक रूपाने सर्वांत जास्त घोटाळा होतो आणि त्याचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. 'अनसबस्टॅन्शिएटेड' याचा अर्थ आधार पुढे आलेला नाही एवढाच आहे. गोष्ट खोटी आहे, असा तो नाही. अमेरिकेतील बालसंरक्षण यंत्रणांकडे आलेल्या तक्रारींची चौकशी झाल्यावर त्यांवर 'सबस्टॅन्शिएटेड' किंवा 'अनसबस्टॅन्शिएटेड' असा शेरा मारला जातो. दुसऱ्या शेऱ्याचा अर्थ त्या राज्याच्या कायद्याला पुरेल इतका पुरावा मिळाला नाही असा असतो. मुलाला त्रास झालाच नाही, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही, आणि तक्रार करणाऱ्याने खोटी तक्रार केली असा तर मुळीच नाही. अशा कागदाचे भाषांतर करताना 'तक्रार खोटी आढळली' असे लिहिणे म्हणजे एका लहान मुलावर आणि त्याच्या बाजूने बोललेल्या माणसावर अन्याय करणे होय.

आपल्या पुरावा कायद्यानेही हा भेद कटाक्षाने जपला आहे. १८७२ च्या अधिनियमाच्या कलम ३ मध्ये तथ्याच्या तीन अवस्था सांगितल्या होत्या: शाबीत झालेले, खोटे असल्याचे शाबीत झालेले, आणि या दोहोंपैकी काहीच न झालेले. 'अनसबस्टॅन्शिएटेड' हा शब्द या तिसऱ्या अवस्थेच्या जवळ आहे.

मराठीत यासाठी 'निराधार' आणि 'बिनबुडाचा' हे शब्द चटकन सुचतात, आणि त्यांची घडण पाहिली तर ते मूळ लॅटिन प्रतिमेच्या आश्चर्यकारक इतके जवळ आहेत. पण आजच्या वृत्तपत्रीय मराठीत ते वापरले की वाचक 'खोटा' असेच समजतो. 'माझ्यावरील आरोप निराधार आहेत' असे नेता म्हणतो, तेव्हा त्याला आरोप खोटे आहेत असेच म्हणायचे असते. म्हणून एखादी व्यक्ती आरोप फेटाळत असेल तेथे 'निराधार' ठेवावा. चौकशी समितीचा, न्यायालयाचा किंवा वार्ताहराचा स्वतःचा तटस्थ शेरा असेल तेथे 'पुरावा पुढे न आलेला' किंवा 'पुष्टी न मिळालेला' असे लिहावे. 'वृत्ताला दुजोरा मिळालेला नाही' हा प्रयोग दुसऱ्या स्रोताकडून खातरजमा व्हायची असेल तेव्हाच योग्य आहे. दावा करणाऱ्याने स्वतः काहीच सादर केलेले नसेल, तर तो वापरू नये.

होकारार्थी रूपासाठी मराठीत पर्यायांची वाण नाही, फक्त प्रसंग ओळखावा लागतो. अर्ज आणि सरकारी पत्रव्यवहार यांत 'अर्जाच्या पुष्ट्यर्थ खालील कागदपत्रे जोडली आहेत' ही ओळ 'सबस्टॅन्शिएट' चा आशय पूर्णपणे पोहोचवते. न्यायालयीन मजकुरात 'शाबीत करणे' चालते, पण न्यायालयाचा निष्कर्ष येण्याआधीच्या टप्प्यावर 'पुराव्यानिशी मांडणे' अधिक अचूक आहे. संशोधनपर लेखनात 'सप्रमाण मांडणे' हा शब्दप्रयोग उत्तम, आणि त्यामागे आपली एक जुनी शिस्तही उभी आहे. कालिदासाच्या काव्यांचा टीकाकार मल्लिनाथ 'नामूलं लिख्यते किञ्चित्', म्हणजे मुळाचा आधार नसलेले काहीही येथे लिहिलेले नाही, अशी ग्वाही देऊन आपली टीका सुरू करतो. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडाखंडाने छापली, ती याच आग्रहातून. दफ्तरातला कागद आधी वाचकांपुढे ठेवायचा आणि मग त्यावरून बोलायचे, अशी त्यांची रीत होती. हिशेब आणि लेखापरीक्षणात मात्र यांपैकी एकही भारदस्त शब्द न वापरता 'खर्चाच्या पावत्या आणि कारण जोडावे' असे सरळ लिहावे, कारण लेखापरीक्षकाला तेवढेच हवे असते.